पुढच्या चाकाचा ताप

“आधी मागचं चाक, मग पुढचं. आणि हात लावायचा नाही. हाताची पाठ दाखवायची, चार बोटं लांबून.”

वडिलांना जाऊन वीस वर्षं झाली, पण मिस्त्री चाकाशेजारी उकिडवे बसले की हा आवाज अजून कानाशी येत असे. वडील बोलायचे कमी, आणि बोलले की काम थांबवून बोलायचे. हातातला पान्हा खाली ठेवायचे, फडक्याला बोटं पुसायचे, मग सांगायचे. गाडी जोरात थांबवली की ती नाक खाली घालते. मागून कुणी ढकललं की माणूस पुढे झुकतो, तसंच. सगळा भार पुढच्या दोन चाकांवर येतो आणि मागची हलकी पडतात. मग जास्त राबायचं कुणी? पुढच्यांनी. जो जास्त राबतो तो जास्त तापतो. मागच्या चाकाजवळ हात दहापर्यंत टिकला पाहिजे, पुढच्याजवळ तीनच्या वर टिकता कामा नये.

“आणि पुढचं गार लागलं तर?” तेव्हा विशीतल्या मिस्त्रींनी विचारलं होतं.

“तर समजायचं, पुढचे दोघं अंग चोरतायत आणि मागचे दोघं मरेस्तोवर राबतायत. अशी गाडी दारातून बाहेर जाऊ द्यायची नाही.” मग जरा थांबून, मुलाच्या हाताकडे बघत ते म्हणाले होते, “आणि ज्या दिवशी हात सांगेनासा होईल, त्या दिवशी मला विचारायला येऊ नकोस. शटर ओढून घे. कबूल?”

“कबूल.”

तो शब्द देताना मिस्त्रींना हसू आलं होतं. हात काय सांगेनासा होतो? हात म्हणजे हात.

गॅरेज चढाच्या पायथ्याशी होतं. एकच खोली, तीत एक गाडी मावे. भिंतीवर पान्हे लहानापासून मोठ्यापर्यंत ओळीने टांगलेले, आणि प्रत्येकाच्या मागे वडिलांनी काढलेली त्याच्या आकाराची पांढरी रेघ, म्हणजे कुठला जागेवर नाही ते येता-जाता दिसावं. मिस्त्री एकटेच काम करायचे. ब्रेकचं काम झालं की गाडी घेऊन वरच्या पाण्याच्या टाकीपर्यंत जायचं आणि उतरताना सहा वेळा ब्रेक कचकचून दाबायचा, ही रीतही वडिलांचीच. खाली आलं की गाडी उताराच्या शेवटी आपली आपण थांबू द्यायची, लगेच खाली उतरायचं आणि चारही चाकांपाशी हात धरून मनात आकडे मोजायचे. गावातली माणसं हे बघून थट्टा करायची. मिस्त्री गाडीची नाडी बघतायत, म्हणायची. पण ब्रेकसाठी गाडी न्यायची ती त्यांच्याकडेच.

हात बिघडला तो एका दिवसात नाही. आधी बोटांच्या टोकांना मुंग्या यायच्या. मग मुंग्या गेल्या, आणि बरं वाटतंय असं मिस्त्रींनी धरून चाललं. शर्टाची बटणं लावायला वेळ लागू लागला. एकदा सकाळी त्यांनी चुलीवरची किटली उचलली आणि चहा ओतून पुन्हा जागेवर ठेवली. बायको जपाला बसली होती. जप होईपर्यंत ती एक शब्द बोलत नसे, लग्न झाल्यापासूनचा तिचा नेम. माळ तशीच हातात धरून ती उठली आणि तिने त्यांचा हात उलटा केला. किटलीच्या कानावरचं कापड त्या दिवशी धुवायला टाकलेलं होतं. तीन बोटांवर पांढरे फोड टरारून आले होते, आणि मिस्त्रींना त्याचा पत्ताच नव्हता.

जप संपल्यावर तिने विचारलं, “अहो, कधीपासून?” त्यांनी काही नाही म्हणून सांगितलं. लक्ष नव्हतं, म्हणाले.

पुढच्या आठवड्यात ते कुणाला न सांगता, ओळखीचं कुणी भेटणार नाही अशा लांबच्या डॉक्टरांकडे जाऊन आले. डॉक्टरांनी सुई टोचून बघितली, साखर तपासली आणि म्हणाले, नसा गेल्या, परत यायच्या नाहीत, उरल्यासुरल्या जपा. काय काम करता, असंही विचारलं. मिस्त्री म्हणाले, बसून असतो.

लेकीला मात्र फोनवर आईकडून थोडंफार कळलं असावं. तिने परगावाहून एक खोकं पाठवलं. आत पिस्तुलासारखं यंत्र होतं, चाकाकडे रोखून घोडा दाबला की ताप किती तो आकडा दाखवणारं. सोबतच्या चिठ्ठीत एवढंच होतं, ‘बाबा, हाताला विश्रांती द्या.’ मिस्त्रींनी ते एकदा भिंतीवर रोखलं, एकदा किटलीवर रोखलं आणि पुन्हा खोक्यात घालून टेबलाच्या खणात सारलं. रस्त्यावरच्या माणसांसमोर चाकावर पिस्तूल रोखायचं म्हणजे आपल्या तोंडाने दवंडी पिटण्यासारखं होतं.

नर्सबाई गाडी घेऊन आल्या त्या अशा दिवसांत.

बाई चढावरच्या वस्तीत घरोघर जायच्या. बाळंतिणी, अंथरुणाला खिळलेली म्हातारी माणसं, कुणाची पट्टी बदलायची, कुणाचा ताप बघायचा. वीस वर्षं एकच गाडी, आणि वीस वर्षं तिचे ब्रेक मिस्त्रींच्या हातचे. गुडघ्याच्या ऑपरेशनमुळे त्या चार महिने घरी होत्या आणि गाडीही दारात उभी होती. आता त्यांना पुन्हा कामाला लागायचं होतं. गुडघा अजून पेडल दाबू देत नव्हता, म्हणून गाडी त्यांचे यजमान चालवणार होते. हे निवृत्त मास्तर, सरळ आणि भित्रे. बाईंनी त्यांच्यादेखतच सांगितलं, “मिस्त्री, ब्रेक चांगले करून द्या हो. आमचे मास्तर गाडी ब्रेकवरच चालवतात. बाकीचं सगळं शोभेला.” मास्तर हसले होते. त्यांना बायकोने केलेली चेष्टा आवडायची.

मिस्त्रींनी गाडी जॅकवर घेतली. मागच्या ड्रममधले लायनर, म्हणजे ड्रमला आतून घासून चाक थांबवणारे पट्टे, पार झिजलेले होते, ते नवे घातले. पुढच्या डिस्कवर, म्हणजे चाकाबरोबर फिरणाऱ्या तबकडीवर, उभ्या गाडीला चढतो तसा गंज होता, तो पॉलिश पेपरने घासून लखलखीत केला. डिस्कला आवळणारे पुढचे पॅड बघितले तर नव्यासारखे जाड.

इथे मनात काहीतरी सललं. झिजायचं असतं ते आधी पुढच्यांनी. मागचे संपले आणि पुढचे जसेच्या तसे, हे उलटं झालं. पुढच्या कॅलिपरमधले पिस्टन, म्हणजे पेडल दाबलं की पॅडला डिस्कवर रेटणारे दट्टे, अडकले असतील तर असं होतं. ते उघडून बघायला अर्धा दिवस जाणार. बाई दुपारी गाडी न्यायला येणार होत्या. आणि निवाडा करायला हात होताच की.

टाकीपर्यंत जाऊन मिस्त्री सहा वेळा कचकचून ब्रेक दाबत खाली आले. गाडी थोडी आळसावून थांबत होती, पण ती पहिल्यापासूनच जड. उतरून ते मागच्या चाकापाशी बसले. हात धरला, दहा मोजले. मग पुढच्या चाकापाशी. एक, दोन, तीन, आणि हात मागे आला.

बाई आणि मास्तर तेवढ्यात येऊन फाटकाशी उभे होते.

“चाकाला आशीर्वाद देताय की ताप बघताय?” बाईंनी विचारलं.

“ताप बघतोय. आहे, चांगला आहे.”

“माझंही तसंच बघा. थर्मामीटर लावते, पण कपाळाला हात लावल्याशिवाय चैन पडत नाही.” बोलता बोलता त्यांची नजर मिस्त्रींच्या बोटांवर गेली. फोड वाळून तिथे तांबूस कातडी आली होती. “हे कशाने?”

“वेल्डिंग.”

बाईंनी विचारल्यावाचून त्यांचा हात धरला आणि नखाने बोटाच्या टोकाला हलकेच दाबलं. मिस्त्री दुसरीकडे बघत होते. बाईंनी पुन्हा दाबलं, या वेळी जोरात. मग त्यांनी हात सोडला, आणि मास्तरांना ऐकू जाणार नाही अशा बेताने म्हणाल्या, “उद्या माझ्याकडे या. कामाचं बोलायचंय. हात कधीकधी फसवतो, मिस्त्री. म्हणून तर आम्ही काच लावतो.”

येतो, म्हणाले मिस्त्री. गेले नाहीत.

अकराव्या दिवशी भर दुपारी बातमी आली. वरच्या वस्तीतलं नवं बाळ बघून दोघं उतरत होते. तिसऱ्या वळणावर ब्रेकचं पेडल तळाला गेलं. मास्तरांनी हँडब्रेक ओढला, तोही लागला नाही. गाडी बाईंच्या बाजूने दगडी कठड्यावर गेली. दवाखान्यात पोचायच्या आत बाई गेल्या. मास्तरांच्या कपाळाला सात टाके पडले, खांद्याचं हाड मोडलं, आणि ते जगले.

मिस्त्री त्या दिवशी नुसते बसून राहिले. दुसऱ्या दिवशी, जिथे अशा गाड्या ओढून आणून ठेवतात त्या आवारात गेले. राखणदार ओळखीचा होता. बघायचं काय त्यात, म्हणत त्याने कुलूप काढलं. चौकशी गुरुवारी आहे, मग भंगारात जाईल. चालवणाऱ्याने सगळं आपल्या तोंडाने कबूल केलंय, त्यामुळे तपासायचंही काही नाही म्हणे.

मिस्त्री मागच्या चाकापाशी बसले. ड्रम निळा-जांभळा पडला होता. लोखंड लाल व्हायच्या बेताला तापून निवलं की असा रंग धरतं. त्यांनी घातलेल्या नव्या लायनरचा कोळसा झाला होता, म्हणून हँडब्रेकलाही धरायला काही उरलं नव्हतं. मग ते पुढे आले. कठड्यावर न आपटलेल्या बाजूची डिस्क जशीच्या तशी होती. तिच्यावर पॉलिश पेपरचे ओरखडे होते, आणि ते आडवे-तिडवे होते, त्यांच्या हाताने फिरवले तसेच. पॅड जर अकरा दिवस डिस्कला घासला असता, तर ते ओरखडे पहिल्याच दिवशी पुसून तिथे गोल रेघा उमटल्या असत्या. पुढच्या चाकांनी एकदाही काम केलं नव्हतं. सगळा घाट त्या दोन मागच्या चाकांनी उतरवला होता, तापत तापत, शेवटी त्यांच्यापाशी पोचणारं ब्रेक ऑइलच उकळेपर्यंत. तेल उकळलं की त्याची वाफ होते, आणि मग पेडल दाबा नाहीतर उशी दाबा.

त्यांनी खिशातून यंत्र काढलं. का आणलं होतं, तेही त्यांना सांगता आलं नसतं. पुढच्या डिस्कवर रोखलं, मग मागच्या ड्रमवर. दोन्हीकडे एकच आकडा आला, त्या आवारातल्या हवेचा. लोखंडाला आता विचारून काय उपयोग. जेव्हा विचारायचं तेव्हा विचारलं नव्हतं.

आणि तिथेच, गार चाकापुढे बसल्या बसल्या, त्यांना त्या दुपारचं सगळं आठवलं. एक, दोन, तीन, आणि हात मागे आला होता. चटका बसला म्हणून नाही. चाळीस वर्षं तिनाला मागे यायचा, म्हणून आला; आणि मागच्या, खरोखर तापलेल्या चाकाशी दहापर्यंत टिकला तोही त्याच सवयीने. ताप आहे असं हाताने सांगितलंच नव्हतं. आकड्याने सांगितलं होतं, आणि त्यांनी ते बाईंना तोंड भरून ऐकवलं होतं. आहे, चांगला आहे.

“झालं का बघून?” राखणदाराने विचारलं. “मास्तरांचा पाय भारी हो. सगळे तेच म्हणतात.”

मिस्त्री हो म्हणाले नाहीत. नाहीही म्हणाले नाहीत. घरी येताना वाटेत आणखी दोघांनी तेच ऐकवलं, मास्तर ब्रेकवर पाय ठेवून घाट उतरले, दुसरं काय होणार. दोघांपुढेही ते गप्प राहिले. आपल्याला काही करायला नको, नुसतं गप्प बसलं की पुरे, गुरुवारनंतर गाडी भंगारात आणि विषय संपला, हे त्यांच्या मनात आलं. आलं तसं गेलं नाही. तीन दिवस घरात वावरलं.

मंगळवारी दुपारी मास्तर गॅरेजमध्ये आले. हात गळ्यात अडकवलेला, दाढी वाढलेली, शर्टाची बाही लोंबत होती. स्टुलावर बसले. बराच वेळ भिंतीवरचे पान्हे बघत राहिले.

“त्या पांढऱ्या रेघा कशाला?” त्यांनी विचारलं.

“जागा रिकामी असली की कळावी म्हणून.”

मास्तरांनी मान हलवली. मग हळूहळू बोलायला लागले. बाई वरून निघाल्यापासून सांगत होत्या, खालच्या गिअरला घ्या, पाय काढा ब्रेकवरून, गाडीला श्वास घेऊ द्या. पण त्यांना उताराची भीती वाटे. पाय काही निघेना. पहिल्या वळणावर जळका वास आला, तेव्हा बाई म्हणाल्या, थांबू या जरा. ते म्हणाले, आता पोचलोच. हे ‘पोचलोच’ त्यांनी तीनदा सांगितलं, दर वेळी त्याच आवाजात.

“गुरुवारी दहाला चौकशी आहे. मी सगळं सांगितलंय. पण तिथले साहेब म्हणाले, पाय ठेवल्याने ब्रेक इतका तापतो कसा ते कुणी जाणकार समजावून सांगेल तर बरं. मला ते नीट सांगता येत नाही. रडू येतं.” त्यांनी वर बघितलं. “तुम्ही याल? फक्त ब्रेक तापतात कसे, एवढं सांगायचं. तुमचा शब्द मानतील ते. मग मला जी काय शिक्षा असेल ती देतील, आणि माझं संपेल.”

मिस्त्रींनी फडक्याला बोटं पुसली. आत्ता, इथे सांगावं असं वाटलं. पण समोरचा माणूस एका हाताने स्टूल धरून बसला होता, आणि हे ऐकून या खोलीत, सावरायला दुसरं कुणी नसताना, तो कोसळला असता.

“येईन,” ते म्हणाले.

“नक्की?”

“नक्की. ब्रेक कसे तापतात ते सांगेन. पुढचे आणि मागचे, दोन्ही.”

मास्तरांना त्यातलं काही कळलं नाही. ते आभार मानून उठले. फाटकाशी थांबून म्हणाले, बाई तुमचं नाव काढायच्या हो. शेवटच्या दिवसापर्यंत म्हणत होत्या, मिस्त्री आले नाहीत अजून, मीच जाऊन येते त्यांच्याकडे. आणि गेले.

बुधवारी संध्याकाळी मिस्त्रींनी बायकोला सगळं सांगितलं. ती पदराला हात पुसत ऐकत होती. मग म्हणाली, “किटलीच्या दिवशीच मला कळलं होतं. मी धरून बसायला हवं होतं तुम्हाला. माझा जप चालू होता म्हणून विचारायला उशीर केला, आणि तुम्ही काही नाही म्हणालात ते खरं धरलं. सोपं पडलं मला.”

“तुझं काय त्यात.”

“सगळ्यांचं थोडं थोडं असतं,” ती म्हणाली, “पण बाई तर गेल्याच.”

खरं सांगितल्याने मास्तरांच्या डोक्यावरचं ओझं उतरेल, अशी आशा मिस्त्रींना फारशी नव्हती. ‘पोचलोच’ हा शब्द कुठल्याही साहेबाला पुसता येणार नव्हता. उलट मास्तरांना आता कळणार होतं की, पुढची चाकं चालती असती तर त्यांचा भित्रा पायही गाडीने सोसला असता, याआधी ते कधीमधी चालवत तेव्हा सोसला होता तसा. बाई वाचल्या असत्या. हे कळून माणूस हलका होतो का आणखी बुडतो, कुणाला ठाऊक. आणि तरी ते खरं मास्तरांचं होतं. ते त्यांना न देता आपल्या खणात ठेवून घेणं, यंत्र ठेवलं तसं, आता जमणार नव्हतं.

गुरुवारी सकाळी मिस्त्री लवकर उठले. धुतलेला शर्ट घातला. पिशवीत यंत्राचं खोकं घातलं, लांबच्या डॉक्टरांची चिठ्ठी घातली, आणि पॉलिश पेपरचा तो घासलेला तुकडा. बायको कोपऱ्यात जपाला बसली होती. ते आरशापुढे उभे राहून बटणं लावत होते. वरची दोन लागली. तिसरं बोटांतून निसटत राहिलं. बटण हातात आहे की नाही हे बघितल्याशिवाय समजत नव्हतं.

ती उठली. माळ मनगटावर सरकवून तिने तिसरं बटण लावलं, मग चौथं, मग खालची. दोन्ही मनगटांची लावली. ओठ हलत होते, जप तुटला नव्हता. त्यांचा उजवा हात तिने दोन्ही हातांत धरला, बराच वेळ. त्यांना दिसत होतं की धरलाय.

जाता जाता ते गॅरेजपाशी थांबले. आत जाऊन भिंतीवरचे पान्हे बघितले. सगळे जागेवर होते. बाहेर येऊन शटर ओढलं, कुलूप घातलं आणि किल्ली पिशवीत टाकली. शेजारच्या दुकानदाराने विचारलं, आज बंद?

“हो,” मिस्त्री म्हणाले. “मास्तरांना शब्द दिलाय.”

दहाला अजून तासभर होता. पिशवी काखेत धरून, रस्त्याच्या कडेकडेने ते चालू लागले.